गिरणी चालू आहे

१६ जून, सोम.

मंडईचे ओटे आज फोडले. जेसीबी आला तेव्हा मी तिसऱ्या गल्लीतलं ज्वारीचं दळण घालत होते. गिरणीच्या आवाजात बाहेरचं काही ऐकू येत नाही, पण जमीन हादरली ती पायांना कळली. बाहेर येऊन पाहते तर भाजीवाल्या बायका टोपल्या घेऊन रस्त्याच्या कडेला उभ्या. एकीने मेथीच्या जुड्या आडोशाला मांडल्या होत्या आणि तशातही भाव सांगत होती. त्यांना आता नाल्यापलीकडे जागा दिली आहे म्हणे. तिकडे भाजी घ्यायला कोण जाणार? कुत्री.

मंडईची शेड तशीच राहणार, तिच्यातच महिनाभरात मोठं दुकान येतंय. देशभर आहेत त्यांची, कपड्यांपासून कोथिंबिरीपर्यंत सगळं एका छताखाली. बोर्ड आधीच लागला, भडक पिवळा. नाव इंग्रजीत, माझ्या तोंडात बसत नाही. इथे पि.दु. लिहीत जाईन. पिवळं दुकान.

मंडईला लागून आमची गाळ्यांची ओळ, तीही सरकारीच, भाड्याची. तिला हात लावणार नाही असं पाडकामावरचा मुकादम म्हणाला. बरं.

१९ जून, गुरु.

दत्तमंदिराच्या मंडपात मीटिंग. माजी नगरसेवक आले होते, त्यांना सगळे भाऊ म्हणतात. भाऊंनी समजावून सांगितलं. जागा पि.दु.ला नावापुरत्या भाड्यावर, पुष्कळ वर्षांसाठी. घरपट्टी पहिली काही वर्षं माफ. समोरचा रस्ता सिमेंटचा करून मिळणार, वेगळा ट्रान्सफॉर्मर बसणार, सगळं सरकारी खर्चानं. का, तर रोजगार येणार.

मी उभी राहिले. म्हटलं, भाऊ, गिरणी हा रोजगार नाही का? मला एका वर्षाची तरी माफी द्या. लोक हसले. भाऊही हसले. "काकू, तुमचं वेगळं."

वेगळं म्हणजे काय ते कोणी सांगितलं नाही. मी भाडं भरते, वीजबिल धंद्याच्या दराने भरते, उशीर झाला की माणूस दारात. कॉलनीतल्या शाळेचे पत्रे दरसाल गळतात, त्याला पैसे नाहीत. आणि ज्यांच्याकडे आधीच ढीग आहे त्यांना जागाही द्यायची आणि रस्ताही करून द्यायचा. डोकं फिरतं माझं.

मीटिंगनंतर चहा होता. मी न घेता आले.

२६ जून, गुरु.

भामरे वहिनी आल्या. चौथ्या गल्लीत राहतात, सटाण्याकडच्या. हे होते तेव्हापासूनचं त्यांचं बाजरीचं दळण. इतकी वर्षं नाशकात काढली तरी बोलणं तिकडचं अहिराणीच. डबा ठेवला की म्हणणार, "बाजरी शे वं, बारीक दय." बाजरी आहे हे मला दिसतं, बारीक दळायची हेही ठाऊक आहे. पण त्यांनी म्हणायचं आणि मी हो म्हणायचं, त्याशिवाय दळण सुरू होत नाही.

आज हातात पेढ्याचा पुडा. सून योगिता पि.दु.त लागली, बिलाच्या काउंटरवर. मुलाचं अंबडच्या कंपनीतलं कॉन्ट्रॅक्ट संपलंय, घरात तेवढाच पगार आता. "तुले राग ते नही ना येवाव?" वहिनींनी विचारलं.

राग कशाचा येणार. पोरगी शिकलेली आहे, बसून काय करेल. पेढा घेतला. दळण होईपर्यंत त्या नेहमीसारख्या पोत्यावर बसल्या आणि व्याह्यांच्या तक्रारी सांगत राहिल्या. मला अर्ध्या ऐकू आल्या, अर्ध्या मी मनाने भरल्या. असंच चालतं आमचं.

५ जुलै, शनि.

ट्रान्सफॉर्मर बसला. त्या कामासाठी दिवसभर आमची लाइन बंद. रांगेतले लोक डबे ठेवून गेले आणि संध्याकाळी परत आले, मी दिवेलागणीला दळणं केली. हात-पाठ एक झाले.

आणखी एक गोष्ट. मंडईच्या मागे बायकांचं संडास होतं, तेही पाडलं. त्याचा कुणी मीटिंगमध्ये उल्लेख केला नव्हता. घाण होतं पण होतं. आता मला गाळा बंद करून घरी जावं लागतं. गाळा बंद म्हणजे गिऱ्हाईक परत. म्हणून सकाळी पाणीच कमी पिते. लिहायला लाज वाटते पण खरं आहे ते.

१२ जुलै, शनि.

पि.दु. उघडलं. फुगे, सनई, कुणीतरी मंत्री. रस्त्यावर उभं राहायला जागा नाही. बसस्टॉपसुद्धा उचलून त्यांच्या दारात नेला आहे.

सगळी कॉलनी आत. मी गिरणीच्या दारात उभी राहून पाहत होते. ओळखीचे लोक माझ्यासमोरून गेले, काहींनी हात केला, काहींनी मोबाइल पाहिला. मी कुणाचं काय वाईट केलंय? जा की बाबांनो, स्वस्त मिळतंय तर जा, मी काय अडवतेय? पण मान तरी वर करा.

दळण: दोन डबे. दुपारी झोप लागली स्टुलावर.

१५ जुलै, मंगळ.

पि.दु.त चक्की आहे. शेजारच्या गाळ्यातल्या धान्यवाल्या शेठजींनी सांगितलं. काचेच्या मागे, बारकी, मिक्सरसारखी गोड आवाजाची. गहू तिथे घ्या, तिथेच दळा, दळणाला पैसे नाहीत.

शेठजी म्हणाले, "त्यांना परवडतं, मंदाताई. जागेचं भाडं नाही, पट्टी नाही. आपण ते भरतो म्हणून आपल्याला परवडत नाही." शेठजी कधी इतकं सरळ बोलत नाहीत. त्यांच्या दुकानात गव्हाची पोती तशीच होती, मागच्या आठवड्यातली.

२० जुलै, रवि.

आमच्या नितीनचा फोन. गिरणी विक आणि पुण्याला ये, हेच. त्यांच्याकडे खोली तयार आहे, टीव्ही लावलाय. सूनबाई चांगली आहे, तक्रार नाही. पण ती दोघं सकाळी जातात ती संध्याकाळी येतात. बाराव्या मजल्यावर मी टीव्हीशी बोलू?

त्याला एक गोष्ट मी कधी सांगितली नाही. हे गेले त्यानंतर घरात माझ्याशी बोलणारं कुणी उरलं नाही. गिरणीत येणारा माणूस दोन वाक्यं बोलतो. बारीक दळा, जाडसर ठेवा, उद्या नेतो, पाऊस कसा आहे. ती सगळी गोळा केली की माझा दिवस भरतो. मला पीठ विकायचं नाहीये, मला ती वाक्यं हवी आहेत. आता लिहिल्यावर कळलं.

२९ जुलै, मंगळ. नागपंचमी

गिरणी बंद. पंचमीला दळू नये, चिरू नये, तवा ठेवू नये. सासूबाईंपासूनचं. हे तर मोटरला हळदकुंकू लावून बटणावर फडकं बांधायचे, चुकून कुणी दाबू नये म्हणून. मीही बांधलं.

दिंडं उकडली, एकटीसाठी चार. दुपारी सहज म्हणून पि.दु.पर्यंत गेले. आत नाही, काचेबाहेर. चक्की चालू होती. आणि रांग होती. रांगेत आपल्याच बायका, नव्या साड्या नेसून, हातात मेंदी. त्यातली एक दरवर्षी आदल्या दिवशी माझ्याकडे धावत यायची, "काकू उद्या बंद ना, आजच करून द्या."

नागाला काय वाटलं असेल ते असो. मला वाटलं, माझा बंदसुद्धा कुणाला कळला नाही.

४ ऑगस्ट, सोम.

दळण नाही.

५ ऑगस्ट, मंगळ.

एक. नाचणी. आजोबा आहेत, मधुमेहवाले. त्यांना पि.दु.च्या चक्कीत नाचणी दळून देत नाहीत. देव त्यांना... नको, कुणाच्या आजारावर काय जगायचं.

१२ ऑगस्ट, मंगळ.

दगड टाकवले, म्हणजे छिन्नीने ठोकून पुन्हा खरखरीत केले. मालेगावचे चाचा दर दोन-तीन महिन्यांनी यायचे टाकी लावायला. ते आता येत नाहीत, एका गिरणीसाठी एसटीभाडं परवडत नाही म्हणाले. अंबडपासून सातपूरपर्यंतच्या त्यांच्या बऱ्याच गिरण्या बंद झाल्यात. तेव्हा मीच बसले छिन्नी-हातोडा घेऊन. ह्यांचं पाहिलेलं होतं. वरचा दगड उतरवायला रिक्षावाल्याला बोलावलं. दिवस गेला. मनगट सुजलं आहे पण दगडाला धार छान आली आहे, बोट फिरवलं की कळतं.

खरं तर गरज नव्हती. दळणच नाही तर दगड झिजतो कुठे. पण रिकामं बसवत नाही मला.

१३ ऑगस्ट, बुध.

आज भामरे वहिनी आल्या. तीन आठवड्यांनी. लांबून डबा दिसला आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू. "बाजरी शे वं." हो हो, बसा. बसल्या पोत्यावर. मी लगेच गिरणी लावली. योगिताला उभं राहून पाय दुखतात, तिला तिथे स्टूल देत नाहीत. व्याह्यांचं ऑपरेशन झालं. मी सगळं ऐकलं, आवाजातही ऐकलं, एक शब्द सोडला नाही. जाताना म्हणाल्या, "तुना कडे येवावर बरं वाटस."

दिवस चांगला गेला.

१४ ऑगस्ट, गुरु.

काय केलं मी हे.

टाकी लावल्यावर पहिलं दळण कोंड्याचं घालायचं असतं. दोनदा तीनदा कोंडा फिरवायचा आणि टाकून द्यायचा, म्हणजे दगडाची कच त्यात निघून जाते. गिरणीवाल्याच्या घरातलं लहान पोरसुद्धा हे जाणतं. मी जन्मात कधी विसरले नाही. परवा दिवस संपला म्हणून राहिलं, काल सकाळी करायचं होतं, आणि करायला बसणार तोच वहिनींचा डबा दिसला.

वहिनी आज डबा परत घेऊन आल्या. भाकरी कचकचली. घरात व्याह्यांकडचे पाहुणे होते जेवायला. पाहुण्याने घास काढून ताटाच्या कडेला ठेवला म्हणे.

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हटलं, वहिनी, चूक झाली, दुसरी बाजरी मी माझ्या पैशानं आणून दळून देते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "राहू दे मंदा. तुनं वय व्हयनं आते. कितलं करशी एकली."

माझं वय झालं नाही. मी म्हातारी होऊन विसरले नाही, मी तुम्हाला पाहून विसरले. हे मी बोलायला हवं होतं. त्या गेल्यावर दोन तास कोंडा फिरवत बसले.

२५ ऑगस्ट, सोम.

गणपतीची धावपळ. मोदकाची पिठी दरवर्षी माझ्याकडे, धुतलेल्या सुवासिक तांदळाची, बायका रांग लावायच्या. यंदा पाकिटं आहेत पि.दु.त, एकावर एक फुकट. योगिता दारावरून गेली, पिवळा टीशर्ट, गळ्यात ओळखपत्र. "काकू, येते हं," म्हणाली. चांगली आहे पोर. वहिनींचं विचारायचं होतं, ती घाईत होती.

४ सप्टें., गुरु.

नोटीस आली. मुकादम विसरला असेल काय म्हणाला होता ते, मी नाही विसरले. गाळ्यांची मुदत संपली आहे, जागा वाहनतळासाठी लागणार आहे. पर्यायी गाळा नाल्यापलीकडे. हरकत असेल तर दहा तारखेला सुनावणीला हजर राहा.

नाल्यापलीकडे थ्री फेजची लाइन नाही. गिरणी तिथे नेऊन काय शोभेला ठेवू?

आज पाच-सहा घरी जाऊन सांगितलं. सगळे म्हणाले, येतो की काकू, हे काय सांगणं झालं. वहिनींच्या गल्लीत वळले आणि कोपऱ्यावरून परतले. त्या दिवसानंतर त्यांच्या दारात जायला पाय उचलत नाही.

१० सप्टें., बुध.

सुनावणी. बाकावर मी एकटी.

येतो म्हणणाऱ्यांपैकी कुणी आलं नाही. कामाचा दिवस आहे, मान्य. एकाचा मेसेज आला, फुलांचं चित्र आणि "काकू आम्ही तुमच्या सोबत आहोत". पाठवायला काय जातं.

मग शेठजी आले. मला पाहून थबकले. मला वाटलं माझ्यासाठीच आले, मी बाकावर सरकून जागा केली. ते स्वतःच्या गाळ्याची किल्ली जमा करायला आले होते. मुलाने माल न्यायला गाडी घेऊन द्यायचं ठरवलंय, नांदगावकडे जाऊन आठवडे बाजार करणार. बसले नाहीत. "जपून राहा मंदाताई," म्हणाले.

साहेब तरुण आहेत, बोलायला चांगले. मी विचारलं, वाहनतळ कुणाच्या वाहनांसाठी? "नागरिकांच्या." नागरिक गाडी लावून कुठे जाणार? ते कागदात पाहू लागले. मी म्हटलं, त्यांना जागा दिलीत, पट्टी सोडलीत, रस्ता दिलात, आता पार्किंगही माझ्या गाळ्यातूनच द्यायचं का? माझा आवाज चढला, शिपाई आत डोकावला.

साहेब म्हणाले, "मावशी, नियम एवढाच आहे. धंदा प्रत्यक्ष चालू असेल तर मुदतवाढीचा विचार करता येतो. बंद गाळा असेल तर मला काहीच करता येत नाही. न सांगता पाहणी होईल."

बंद नाहीये साहेब, मी म्हटलं. चालू आहे. रोज आठला उघडते.

उघडते, हे खरंच आहे.

१६ सप्टें., मंगळ.

पाहणीला कोणी आलं नाही. दळणालाही.

१९ सप्टें., शुक्र.

नवरात्राआधी दरवर्षीप्रमाणे गिरणी धुतली. घट बसले की फक्त उपवासाचं दळायचं, भगर, राजगिरा, शिंगाडा. गव्हाचा कण राहता कामा नये, म्हणून सगळं सोडवून ब्रशने घासायचं. मोटरवर चढले तेव्हा गुडघा बोलला. सवय म्हणून केलं, दुसरं काही नाही. दारावर पाटी लावली: उपवासाची दळणं सुरू.

२६ सप्टें., शुक्र.

राजगिरा एक. तेही बाई पत्ता चुकून आल्या होत्या, पि.दु. शोधत होत्या. दळून दिलं. "अय्या, इथे गिरणी आहे का?" म्हणाल्या.

आहे म्हटलं.

२ ऑक्टो., गुरु. दसरा

मोटरची पूजा. झेंडूचे हार, ह्यांच्या फोटोलाही एक. पूर्वी दसऱ्याला गिऱ्हाइकं सोनं द्यायला गिरणीत यायची, आपट्याच्या पानांचा ढीग पडायचा पेटीवर. नितीन मोठ्या माणसांच्या पाया पडून पडून दमायचा.

मी पानं आणून ठेवली होती. नाचणीवाले आजोबा आले एकटे. त्यांनी मला दिलं, मी त्यांना दिलं. मग ते बराच वेळ बसले. त्यांनाही घाई नव्हती.

त्यांनी एक सांगितलं. भाऊंच्या ओळखीचा माणूस ऑफिसात आहे, सोमवारी-मंगळवारी पाहणी आहे या ओळीची. म्हणाले, गिरणी फिरताना दिसली पाहिजे हो. नुसतं शटर वर असून भागायचं नाही.

४ ऑक्टो., शनि.

सोमवारी गिरणी फिरवायची तर दळायला काहीतरी हवं. रिकामी फिरवता येत नाही, दगडाला दगड लागतो आणि दोन्ही जातात. घरात गहू संपलेत. शेठजींचं दुकान होतं तेव्हा पायलीभर उचलून आणत होते, आता तिथे कुलूप आहे. दुसरं धान्याचं दुकान रिक्षा करून जावं इतकं लांब, आणि उद्या रविवार, ते बंद.

गल्लीत मागायला जाऊ? तुमचं दळण द्या म्हणून? फुकट दळून देते म्हणून? वहिनी देतील. डबाभर बाजरी देतील आणि वर काळजीने बघतील. नको.

जवळ एकच जागा आहे.

५ ऑक्टो., रवि.

गेले.

आत गार आहे फार. उजेड इतका की माझ्या पदराला लागलेलं पीठ मलाच दिसलं. गव्हाची रास मंडईतल्या सुक्या मिरचीवालीच्या जागेवर आहे, साधारण तिथेच. गहू चांगला निघाला, त्याचंच जास्त वाईट वाटलं. किडका असता तर शिव्या देता आल्या असत्या. शेठजींच्या भावापेक्षा बराच स्वस्त. स्वस्त का नसणार. त्यातला काही भाग मीच भरते आहे पट्टीतून.

ओळखीच्या दोघी भेटल्या, दोघी एकदम प्रेमाने बोलल्या. "काकू, तुम्हीसुद्धा!" त्यांना हायसं वाटलं असावं.

काउंटरवर योगिता. पाय अदलून बदलून उभी होती. पिशवी उचलून वजनाला ठेवली आणि सवयीनं बोलून गेली, "दळून घ्यायचं का? तिकडे चक्की आहे, चार्ज नाही." मग तिने वर पाहिलं.

मी म्हटलं, नको, माझ्याकडे आहे.

तिने पिशवी माझ्याकडे सरकवली. बिल देताना माझा हात क्षणभर धरला. मागच्या माणसाने ट्रॉली पुढे ढकलली म्हणून सोडला. "आई तुमची आठवण काढतात," एवढं म्हणाली. मलाही येते असं मी सांगितलं. ती सांगेल घरी, किंवा विसरेल. दहा तास उभी असते.

६ ऑक्टो., सोम.

आठला उघडली. सगळे गहू एकदम घालायचे नाहीत असं ठरवलं होतं, कोण कधी येईल सांगता येत नाही. थोडे घालायचे, बंद करायची, रस्ता पाहायचा. जीप दिसली की पुन्हा. पूर्ण सकाळ हेच. एकदा दुधाची गाडी पाहून लावली.

दुपारी आले. सुनावणीतले साहेब आणि एक मुलगी, मोबाइलवर फोटो काढणारी. गिरणी चालू होती. पीठ पडत होतं. इतक्या दिवसांनी गाळ्यात तो गरम वास. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी जास्तच जोरात बोलत होते.

साहेबांनी पीठ बोटांत चोळून पाहिलं. "छान आहे हो. कुणाचं दळण?"

कॉलनीतलंच आहे, मी म्हटलं. खोटं नाही बोलले. मी कॉलनीतलीच आहे.

"रोज असतं एवढं?"

हो म्हटलं. हे खोटं.

मुलीने फोटो काढले. मोटरचा, दगडांचा, माझा. मला हसायला सांगितलं. जाताना साहेब म्हणाले, एका पाहणीवर अहवाल होत नाही, दिवाळीपर्यंत एक-दोनदा अजून येऊन जाऊ, असंच न सांगता. "चालू ठेवा मावशी. चालू दिसली तर मी माझ्या बाजूनं लिहीन." माणूस चांगला आहे. त्याच्या हातात किती आहे, ते त्यालाच ठाऊक नसावं.

७ ऑक्टो., मंगळ.

पीठ घरी आणलं. दोन डबे भरले, उरलेलं पातेल्यात. आज दोन पोळ्या केल्या, एक सकाळी खाल्ली, एक ठेवली आहे. मऊ झाली, ह्यांना आवडायची तशी. एवढी वर्षं मी लोकांच्या डब्यात पीठ भरत आले, आता माझ्याकडे इतकं आहे आणि द्यायला दार सुचत नाही.

नितीनचा फोन आला. "आई, गिरणीचं कसं काय?"

चालू आहे म्हटलं. काल साहेब येऊन फोटो काढून गेले, पीठ छान आहे म्हणाले.

"बघ, मी उगीच काळजी करत होतो. म्हणजे येतंय गिऱ्हाईक."

मी पिठाच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. तो खूश झाला होता, पुष्कळ दिवसांनी असा बोलत होता. पुण्याला ये हेही म्हणाला नाही. दिवाळीत चकलीची भाजणी तुझ्याकडचीच आणायची, असं सूनबाईला मागून सांगत होता.

दिवाळीपर्यंत गिरणी रोज फिरताना दिसली पाहिजे. आज दळायला काही नव्हतं, जीप आली नाही म्हणून निभावलं. उद्या परत गहू आणायला हवेत. दहाला पि.दु. उघडतं. पिशवी धुऊन वाळत घातली आहे.